श्वास मोजण्याचा पाठ

(पॅरिशच्या महोत्सवानिमित्त, परिचर्येचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिवर्गापुढें माहुल येथें दिलेलें भाषण)



आम्हीं तुम्हांस परिचर्येविषयीं सांगावें, हें थोडें उलटेंच झालें. रुग्णापाशीं कोणत्या प्रार्थना म्हणाव्या हें सेमिनरींत आम्हांस शिकविण्यांत आलें. त्याचा श्वास कसा मोजावा हें कोणीं शिकविलें नाहीं. तो पाठ आम्हांस पुढें याच गांवांत एका परिचारिकेकडून मिळाला.

एके रात्रीं एका वृद्ध गृहस्थास संस्कार देण्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें. त्यांस भारी दम लागला होता, आणि घरच्यांनीं त्यांस खाटेवर उताणें निजविलें होतें. भोंवतीं पंधरा माणसें, खिडकी बंद. तेवढ्यांत शेजारची परिचारिका आली. तिनें सर्वांस, आम्हांस सुद्धां, बाहेर काढलें! पाठीशीं उशा रचून रुग्णास बसतें केलें, मनगट हातीं धरलें, आणि पूर्ण एक मिनिट ती बोलली नाहीं. ती नाडी पाहते आहे असें दारांतून आम्हांस वाटलें. ती श्वास मोजीत होती. श्वास मोजला जात आहे हें कळलें कीं रुग्ण नकळत तो बदलतो, म्हणून मनगट सोडावयाचें नाहीं. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "चौतीस. फादर, प्रार्थना गाडींत म्हणा." रुग्ण त्याच रात्रीं रुग्णालयांत पोंचला.

प्रौढ माणूस स्वस्थ असतां मिनिटास १२ ते २० वेळां श्वास घेतो. त्याची नाडी ६० ते १०० असते. मुलांचें मान निराळें. खोकला झालेल्या दोन महिन्यांखालील अर्भकाचा श्वास ६० वा अधिक, एक वर्षाखालील बाळाचा ५० वा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक असल्यास तो जलद समजून मूल विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, तर आंकड्याचीही वाट पाहूं नये. मोजावयाचें पुरें एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची कित्येकांस संवय असते. ती आळसाची आहे.

आतां हवेविषयीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांतील जखमींकडे निघाल्या, तेव्हां त्यांच्याबरोबरच्या ३८ स्त्रियांत १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या, हें आपल्या लोकांस सहसा ठाऊक नसतें. पुढें परिचर्येवर बाईंनीं जें पुस्तक लिहिलें, त्याचें पहिलेंच प्रकरण हवेसंबंधीं आहे. रुग्णाच्या खोलींतील हवा बाहेरच्याइतकी शुद्ध असावी, हा त्यांचा पहिला नियम. दुर्गंधीपासून रोग होतात ही त्यांची समजूत पुढें चुकीची ठरली. खिडकीचा नियम मात्र टिकला, कारण क्षयासारख्या रोगाचे जंतु बंद खोलींत सांचतात व वाहत्या हवेनें विरळ होतात.

पण माहुलमध्यें हा नियम वाचतांना आपण अडखळतों. बाहेरची हवाच शुद्ध नसेल तर? येथें १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले. पुढें रसायनांच्या टाक्याही आल्या. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्यास हवेमुळें धोका असल्याचें मान्य केलें. ती लढाई नागरिक म्हणून आपण सोडूं नये. परंतु आज रात्रीं ज्यास दम लागला आहे, त्याच्या खिडकीचें काय करावें, हें परिचारिकेलाच ठरवावें लागतें.

आमचें मत असें आहे. वास उग्र असेल, डोळे चुरचुरत असतील, तेव्हां त्या बाजूची खिडकी लावा; वारा फिरतांच समोरासमोरच्या दोन्ही उघडा. घरांत विडी, डांसांची कॉइल, उदबत्ती आणि धूपही बंद. (धूपाविरुद्ध पाद्र्यानें बोलावें हें नवल खरें, पण चर्चमधील धूप चर्चमध्येंच शोभतो.) वास किती वाजतां आला आणि त्या वेळीं श्वास किती होता, हें वहींत लिहा. डॉक्टर पांच मिनिटें येतात. सगळी रात्र त्यांस त्या वहींतूनच कळते.

हात साबणानें ४० ते ६० सेकंद धुवावे, अंथरुणास खिळलेल्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें, हें तुम्हांस शिकवितातच. त्यावर वेळ घेत नाहीं.

येत्या रविवारीं मिस्सेनंतर प्रत्येकानें सेकंदकांट्याचें घड्याळ व एक कोरी वही घेऊन चर्चच्या पायरीपाशीं थांबावें. आपल्या पॅरिशमधील अंथरुणास खिळलेल्या माणसांच्या घरीं दोघां-दोघांनीं जावयाचें आहे. आम्हीही बरोबर येऊं, आणि सांगाल तेव्हां बाहेर थांबूं.