वादळी किनाऱ्यावरील बिऱ्हाड

इ. स. १९२६ च्या सप्टेंबर महिन्याची १८ तारीख. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोंकाकडे वसलेल्या मायामी शहरावर रात्रभर घोंघावत असलेला वारा सकाळीं सहाच्या सुमारास एकाएकीं पडला. पाऊस थांबला, आभाळ उजळलें, आणि दारें-खिडक्या रेटून धरीत रात्र काढलेले लोक सुटकेचा निःश्वास टाकून रस्त्यावर आले. कोणी पडझड पाहूं लागले, कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करण्यास निघाले, कोणी मोटारी काढल्या. वस्तुतः वादळ संपलें नव्हतें. त्याचा मध्यभाग, ज्यास वादळाचा डोळा म्हणतात तो, शहरावरून जात होता. सुमारें अर्ध्या तासानें वारा उलट दिशेनें पुन्हां सुटला, आणि समुद्राचें पाणी शहरांत शिरलें. जे उघड्यावर सांपडले, त्यांतील अनेक जण घरीं परतले नाहींत.

हे लोक मूर्ख नव्हते किंवा अविचारीहि नव्हते. ते नवखे होते. १९१० सालीं मायामीची वस्ती साडेपांच हजारांच्या आंत होती. १९२० मध्यें ती तीस हजारांच्या घरांत गेली. आणि त्यानंतर जमिनींच्या सट्ट्यास असा कांहीं ऊत आला कीं, उत्तरेकडील थंड प्रांतांतून माणसांचा लोंढाच तेथें लोटला. त्यांनीं जमीन घेतली, घरें बांधलीं, दुकानें थाटलीं. परंतु खरेदीखताबरोबर त्या भूमीचा अनुभव कांहीं हातीं येत नाहीं. वारा मध्येंच पडला तर बाहेर जाऊं नये, ही गोष्ट जुन्या रहिवाशास वडिलांकडून कळलेली असते. नव्या रहिवाशास ती कोणी सांगितलेली नसते.

हा प्रश्न आज मराठी घरांसहि परका राहिलेला नाहीं. श्रोत्यांपैकीं कित्येकांचीं मुलें, भाचरें, पुतणे नोकरीनिमित्त ह्यूस्टन, टँपा किंवा मायामी अशा ठिकाणीं बिऱ्हाड करून राहिलीं आहेत. नवें घर पाहिलें कीं मुलगा फोनवर सांगतो: खोल्या किती, शाळा किती दूर, हप्ता किती. आईवडीलहि तेवढेंच विचारतात. तें घर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि त्या किनाऱ्यावर तर पहिला प्रश्न तोच असावयास हवा.

बंगालच्या उपसागरांत व अरबी समुद्रांत ज्यास चक्रीवादळ म्हणतात, त्यासच अटलांटिक महासागरांत हरिकेन हें नांव आहे. तापलेल्या समुद्रावरून उठणारी बाष्पयुक्त हवा हें त्याचें इंधन. जमिनीवर येतांच तें इंधन तुटतें व वादळ क्षीण होऊं लागतें. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या 'निसर्ग' वादळानें नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या केल्या, हें कोंकणांतील माणसांनीं पाहिलें आहे. परंतु कोंकणास असें संकट क्वचित् येतें. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर तें ऋतुमानाचाच भाग आहे. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत हा वादळांचा ऋतु धरला जातो, व १० सप्टेंबरच्या सुमारास त्याचा भर असतो. कोणत्याहि एका गांवावर वादळ दरवर्षीं येत नाहीं. कित्येक वर्षें सुखानें जातात, आणि त्या सुखाच्या वर्षांनींच माणूस गाफील होतो.

वादळाची तीव्रता एक ते पांच अशा आंकड्यांनीं सांगण्याची तेथें पद्धत आहे. वाऱ्याचा वेग ताशीं ७४ मैल झाला म्हणजे पहिली पायरी. १५७ मैल किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे पांचवी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें वेग दुप्पट झाला तर भिंतीवरील दाब चौपट होतो. परंतु नवखा मनुष्य येथेंच फसतो. "दुसऱ्याच पायरीचें वादळ आहे, घरींच राहूं," असें तो म्हणतो. हा आंकडा केवळ वाऱ्याचा आहे, पाण्याविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. आणि माणसें मरतात तीं बहुतांशीं पाण्यानें. १९६३ पासून २०१२ पर्यंतच्या पन्नास वर्षांत अटलांटिकमधील वादळांनीं अमेरिकेंत प्रत्यक्ष जे बळी घेतले, त्यांपैकीं सुमारें नव्वद टक्के पाण्याचे होते. आणि एकूण बळींपैकीं जवळजवळ निम्मे एकट्या समुद्राच्या उधाणाचे होते.

हें उधाण भरती-ओहोटीचें नव्हे. प्रचंड विस्ताराचा वारा उथळ समुद्राचें पाणी किनाऱ्याकडे सतत रेटीत राहतो, त्या पाण्यास मागें फिरावयास वाव मिळत नाहीं, आणि समुद्राची पातळीच वर चढते. ती एखादी लाट नसते. समुद्रच कांहीं तास गांवांत येऊन बसतो आणि त्याच्या पाठीवर लाटा उसळत असतात. २८ सप्टेंबर २०२२ रोजीं 'इयन' वादळांत फोर्ट मायर्स बीच या गांवीं जमिनीवर दहा ते पंधरा फूट पाणी चढलें. एका घनमीटर पाण्याचें वजन एक टन असतें. एवढा भार वेगानें येऊन आदळला म्हणजे साध्या लांकडी घराच्या भिंतीचा निभाव लागत नाहीं.

समुद्रापासून दूर गेलें म्हणजे पाण्याचें भय संपलें, असेंहि नाहीं. ऑगस्ट २०१७ मध्यें 'हार्वे' वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर येऊन रेंगाळलें, आणि नेडरलँड या गांवीं साठ इंचांहून अधिक पाऊस झाला. ह्यूस्टनच्या परिसरांत ज्या घरांत पाणी शिरलें, त्यांतील पुष्कळशीं पूरक्षेत्राच्या अधिकृत रेषेबाहेर होतीं. सप्टेंबर २०२४ मध्यें 'हेलीन' फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर चढलें, परंतु अत्यंत भीषण पूर आले ते तेथून शेंकडों मैल दूर, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ मुलखांत.

यास्तव त्या किनाऱ्यावरील अनुभवी अधिकारी नवागतांस एक सुटसुटीत नियम सांगतात: पाण्यापासून पळावें, वाऱ्यापासून आडोसा घ्यावा. फ्लॉरिडामध्यें उधाणाचा धोका पाहून किनाऱ्यालगतच्या वस्तीचे विभाग पाडलेले असून त्यांस इंग्रजी अक्षरांचीं नांवें दिलेलीं आहेत. 'ए' विभागास सर्वांत आधीं घर सोडावें लागतें. आपलें अक्षर कोणतें, हें घर घेण्यापूर्वींच पाहून ठेवावें. हे विभाग आणि विम्यासाठीं केलेले पुराचे नकाशे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेंहि ध्यानांत असावें. ज्यांचें घर उधाणाच्या बाहेर, उंचावर व मजबूत आहे, त्यांनीं बहुधा घरींच राहणें श्रेयस्कर असतें. २००५ सालीं 'रिटा' वादळाच्या भयानें ह्यूस्टनच्या प्रदेशांतून पंचवीस लाखांहून अधिक माणसें एकदम बाहेर पडलीं. रस्ते तुंबले, मोटारींतील इंधन संपलें, आणि उन्हाच्या तापानें व अपघातांनीं जवळजवळ शंभर लोक त्या पळापळींतच मृत्यु पावले. ज्यांस निघण्याची गरज नव्हती त्यांच्या गर्दीनें, ज्यांस निघणें अवश्य होतें त्यांची वाट अडली. शिवाय निघणाऱ्यानेंहि फार लांब जावें लागतें असें नाहीं. कित्येकदां वीस-पंचवीस मैल आंत, उंचावरील मित्राचें भक्कम घर पुरेसें असतें. असें घर कोणाचें, हें मात्र वादळ येण्यापूर्वीं ठरलेलें पाहिजे.

आतां घराची गोष्ट. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं मायामीच्या दक्षिणेस 'अँड्र्यू' वादळ आलें, तेव्हां पंचवीस हजारांहून अधिक घरें जमीनदोस्त झालीं. चौकशी करतां असें दिसून आलें कीं, छपराचे तक्ते कित्येक ठिकाणीं नीट खिळलेलेच नव्हते, आणि मोटार ठेवण्याच्या खोलीचें रुंद, हलकें दार आधीं आंत कोसळलें. एकदां वारा आंत घुसला म्हणजे तो छपरास खालून उचलतो, आणि छप्पर गेलें म्हणजे भिंतीहि जातात. या अनुभवावरून फ्लॉरिडानें बांधकामाचे नियम कडक केले, व २००२ पासून संबंध राज्यास एकच कडक नियमावली लागू झाली. म्हणून घर पाहतांना रंगरंगोटीपेक्षां तें कोणत्या सालीं बांधलें, छप्पर भिंतींशीं लोखंडी पट्ट्यांनीं जखडलें आहे कीं नाहीं, खिडक्यांस झडपा आहेत कीं नाहींत, हें पाहावें. खिडकीच्या कांचेवर चिकटपट्ट्या लावण्याची जुनी रीत निरुपयोगी आहे. तिनें कांच फुटण्याचें राहत नाहीं.

विम्याच्या बाबतींत नवागताची फसगत हटकून होते. तेथील घराच्या सामान्य विम्यांत पुराची भरपाई समाविष्ट नसते. त्यासाठीं १९६८ सालीं सरकारनें सुरू केलेला निराळा पूरविमा घ्यावा लागतो, आणि तो सामान्यतः तीस दिवसांनीं अमलांत येतो. म्हणजे वादळ समुद्रांत दिसूं लागल्यावर घेतलेला विमा त्या वादळास उपयोगी पडत नाहीं. तसेंच, हरिकेननें झालेल्या नुकसानीचा पहिला हिस्सा घरमालकासच सोसावा लागतो, व तो बहुधा ठराविक रकमेचा नसून विम्याच्या रकमेच्या शेंकडा प्रमाणांत असतो. ही रक्कम किती होते, याचें गणित महिन्याच्या हप्त्याबरोबरच मांडावें. मग कित्येक स्वस्त घरें महाग ठरतात.

वादळ कोणीकडे वळणार, याचें भाकीत आज पूर्वीपेक्षां पुष्कळच अचूक झालें आहे. तथापि नकाशावर जो शंकूसारखा पट्टा काढलेला असतो, तो वादळाच्या केवळ मध्यबिंदूचा संभाव्य मार्ग होय. आणि तीनपैकीं साधारण दोनच वेळां मध्यबिंदु त्या पट्ट्यांत राहतो. वारा, पाऊस व उधाण यांचा पसारा पट्ट्याबाहेर दूरवर असतो. 'इयन' वादळाचा रोख आरंभीं टँपाकडे दिसत होता. तें आलें तें बरेंच दक्षिणेस. भाकिताची वेळ चुकली म्हणून वादळ टळलें, असें समजणेंहि घातक आहे. १६ सप्टेंबर १९२८ रोजीं ओकीचोबी सरोवराकांठचे कित्येक लोक इशारा मिळतांच सखल जागा सोडून गेले होते. ठरल्या वेळीं वादळ आलें नाहीं, तेव्हां संकट टळलेंसें समजून ते घरीं परतले. त्या रात्रीं सरोवराचा बांध फुटला, आणि अडीच हजारांवर माणसें बुडालीं. त्यांतील बहुसंख्य शेतांत राबण्यासाठीं आलेले गरीब कृष्णवर्णी मजूर होते.

वादळ ओसरल्यावरहि कांहीं दिवस जपावें लागतें. वीज नसते, म्हणून लोक जनित्र लावतात; आणि तें घरांत, ओसरीवर किंवा खिडकीखालीं ठेवलें तर त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु झोंपेंतच प्राण घेतो. त्यास वास नसतो, रंग नसतो. २०२० सालीं लुइझियानांत 'लॉरा' वादळानंतर अनेक जणांस असा मृत्यु आला. जनित्र घरापासून निदान वीस फूट दूर उघड्यावर असावें.

मग अशा ठिकाणीं राहूंच नये कीं काय? या प्रश्नाचें उत्तर टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हस्टन बेटावर पाहावयास मिळतें. तेथील सरकारी हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीं १८९१ सालीं वृत्तपत्रांत असें लिहिलें होतें कीं, या शहरास वादळाचें मोठें भय मानणें हा निव्वळ भ्रम आहे. समुद्रास भिंत घालण्याची सूचना मागें पडली. ८ सप्टेंबर १९०० रोजीं वादळ आलें. बेटाची सर्वांत उंच जागा नऊ फुटांहून कमी. पाणी चढलें पंधरा फुटांहून अधिक. सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं; क्लाइन यांची पत्नी त्यांतच गेली.

जे वांचले, त्यांनीं गांव सोडला नाहीं. परंतु तो पूर्वींसारखाहि ठेवला नाहीं. त्यांनीं सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत १९०४ पर्यंत उभी केली. नंतर दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलल्या आणि त्यांखालीं समुद्रतळाची वाळू नळांनीं आणून भरली. कित्येक वर्षें लोक फळ्यांच्या उंच पायवाटांवरून ये-जा करीत होते. १९१५ सालीं तसेंच प्रबळ वादळ पुन्हां आलें, तेव्हां शहरांतील प्राणहानि अगदीं थोडी झाली. तथापि २००८ सालीं 'आइक' हें दुसऱ्या पायरीचें वादळ आलें, आणि पाणी भिंतीकडून न येतां पाठीमागच्या खाडीकडून शहरांत शिरलें. शंभर वर्षांची भिंत असूनहि घर सोडण्याची तयारी ठेवावीच लागली.

तेथें राहणें म्हणजे हें सर्व पत्करून राहणें होय. भाडें, विमा, झडपा, उंचावरील मित्राचें घर आणि वेळीं बाहेर पडण्याची मनाची तयारी, हीं सर्व त्या बिऱ्हाडाच्या खर्चांतच धरावयास हवींत. दूरदेशीं घर पाहणाऱ्या मुलास पुढच्या खेपेस फोन येईल, तेव्हां खोल्या व शाळा यांच्या आधीं आईनें एवढेंच विचारावें: घर किती उंचावर आहे, आणि पाणी आलें तर तुम्ही कोणाकडे जाणार?