संत्र्याचे झाड आणि सरकारी अनुदान



नागपूरकरांपुढे संत्र्यावर बोलणे म्हणजे काशीस जाऊन गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. तेव्हा फळाची गोडी आपण चाखलेलीच आहे असे धरून आम्ही आज त्यामागच्या पैशाविषयी बोलणार आहोत.

प्रथम कापसाकडे पाहू. 1921 साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि 1923 च्या कायद्याने कापसावर उपकर बसला. गाठीमागे थोडी पट्टी. पण त्या पट्टीतून वर्षानुवर्षे संशोधन चालले. पैसा पिकातूनच येई, म्हणून तो दरसाल मागावा लागत नसे. 1965-66 च्या सुमारास अशा समित्या मोडल्या आणि त्यांचे काम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेले. पुढे कापसाची मध्यवर्ती संशोधन संस्था 1976 साली नागपुरासच आली.

संत्र्याला स्वतःचे राष्ट्रीय संशोधन केंद्र मिळाले ते 1986 साली, तेही याच शहरात. आज ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिचा मुख्य आधार सरकारी अनुदान. सरकारने हात दिला, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. मग अडचण कोठे आहे? अडचण मुदतीत आहे.

कापसाचे बी पेरले की त्याच वर्षी बोंड हाती येते. संत्र्याचे तसे नाही. जंभेरीच्या रोपावर डोळा बांधायचा, ते कलम शेतात लावायचे, आणि बहार धरण्याजोगे झाड व्हायला पाच-सहा वर्षे वाट पाहायची. डिंक्या रोग मुळाशी आणि बुंध्याशी लागतो. एखादा खुंट त्याला तोंड देतो की नाही, हे झाड वाढल्यावाचून कळत नाही. प्रकल्पाचे अनुदान मात्र बहुधा तीन वर्षांचे! म्हणजे झाडाला पहिले फळ धरण्यापूर्वीच हिशेब मिटवायचा. मग संशोधकाने काय करावे? जे तीन वर्षांत दाखवता येईल तेच हाती घ्यावे. दोष त्याचा नाही.

याचे मोल कोण देतो? काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीचा बागायतदार. रोगट कलम आज ओळखता येत नाही. दहाव्या वर्षी, ऐन उत्पन्नाच्या काळात, झाड वाळू लागते तेव्हा ते कळते. तोवर विहिरीचे कर्ज फिटलेले नसते.

आमचे म्हणणे एवढेच: झाडाच्या संशोधनाला झाडाच्या वयाचे अनुदान द्यावे, निदान दहा वर्षांचे. मध्यंतरी तपासणी कडक असावी, पण पैसा तुटू नये. आणि बाजारात येणाऱ्या मालावर अल्पशी पट्टी बसवून तितकीच भर सरकारने घालावी. पट्टी देणाऱ्या बागायतदाराला समितीत बसण्याचा हक्कही मिळावा. जो पैसा देतो तो प्रश्न विचारतो, आणि संशोधनाला अशा प्रश्नांची गरज आहे.

या शहराला संत्रानगरी म्हणवून घेण्याचा अभिमान आहे. त्या अभिमानाला थोडा धीर जोडावा, एवढीच आपणांस विनंती आहे.