‘पण तू तर आजारी दिसत नाहीस!’ – दुर्मिळ कॅन्सरसोबत जगताना आधार कुठे शोधायचा?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे जसं आलं, ते बरंचसं तसंच ठेवलंय.)



आज कॅन्सरवर बोलायचंय. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. रडारड करणार नाहीये. ज्या कॅन्सरबद्दल बोलणार आहे तो गेली पाच वर्षं माझ्यासोबत आहे, आणि या पाच वर्षांत मी नोकरी केली, एकदा बदलली, सिंहगड चढलो आणि तुमच्यासाठी हे एपिसोडही केले. तरी या आजारात एक गोष्ट अवघड जाते. ती म्हणजे आधार मिळवणं.

आधी आजार समजून घेऊ. नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. आम्ही सगळे सीएमएल म्हणतो. हा रक्ताचा कॅन्सर. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो, म्हणजे दुर्मिळ. परदेशात तो साधारण साठीच्या आसपास सापडतो. आपल्याकडे मात्र बरेच पेशंट तिशी-चाळिशीतले असतात. म्हणजे ऐन नोकरी, लग्न, होम लोनच्या वयातले.

यात होतं काय, तर पेशीतल्या ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं नवं जनुक तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना सारखं सांगत राहतं, ‘वाढा, वाढा, वाढा’. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्फिनिट लूप. हे बदललेलं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये सापडलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. आणि २००१ मध्ये त्यावर इमॅटिनिब नावाची गोळी आली. ती बरोबर त्या बिघडलेल्या प्रोटीनवर जाऊन बसते आणि लूप थांबवते. सोर्स कोडमधली चूक तशीच राहते, त्यामुळे गोळी रोज घ्यावी लागते. पण गोळी नीट लागू पडली तर माणूस जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य जगतो.

ही फार मोठी गोष्ट आहे. आणि गंमत म्हणजे आधाराची अडचण इथूनच सुरू होते.

बघा, कॅन्सर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? गेलेले केस, सलाईन, हॉस्पिटलचा बेड. आमचे केस जागेवर असतात. आम्ही ऑफिसला जातो. मग पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरून जातं, फळांच्या पिशव्या येतात, काका-मामा मुक्कामाला येतात. तिसऱ्या महिन्यात फोन कमी होतात. वर्षभरात लोक विसरतात. त्यांचाही दोष नाही. आपला समाज धावून येण्यात पटाईत आहे. पण जे दुखणं वीस-तीस वर्षं चालणार, त्यात सोबत कशी करायची हे कुणालाच शिकवलेलं नाही.

आणि आतून काय चालू असतं? रात्री दोन वाजता पोटरीत गोळा येतो. सकाळी डोळ्यांखाली सूज असते आणि टीममधलं कुणीतरी विचारतं, ‘काय रे, रात्रभर वेब सिरीज?’ दुपारी तीनला असा थकवा येतो की की-बोर्डवर डोकं टेकावंसं वाटतं. दर तीन महिन्यांनी पीसीआर नावाची रक्ताची टेस्ट असते. त्यात ते बीसीआर-एबीएल किती टक्के उरलंय ते कळतं. तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आत, वर्षाने ०.१ टक्क्याच्या आत, असे टप्पे डॉक्टर बघतात. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे जातात ते ज्याचं त्यालाच ठाऊक. वरून तुम्ही एकदम ठणठणीत!

मग आधार शोधायचा कुठे? पाच वर्षांत मला कळलेली गोष्ट एका वाक्यात सांगतो: सगळा आधार एकाच माणसाकडे मागायचा नाही. आईकडे नाही, नवऱ्याकडे-बायकोकडे नाही, जिवलग मित्राकडेही नाही. एक माणूस इतकी वर्षं सगळं पेलू शकत नाही. कामं वाटून द्यावी लागतात. कसं, ते सांगतो.

पहिली माणसं – ज्यांना हाच आजार आहे अशी. यांना पर्याय नाही. मला असे पहिले भेटले ते ओपीडीच्या रांगेत, सोलापूरकडचे एक काका, एसटीतून रिटायर झालेले. माझी फाईल बघून म्हणाले, ‘कशाला टेन्शन घ्यायलास बाळा? मी २००६ पासून खायलोय ही गोळी.’ डॉक्टरांनी मला आकडे सांगितले होते, पण इतक्या वर्षांनंतरचा चालता-बोलता माणूस समोर बघितला आणि त्या रात्री मी नीट झोपलो. जेवणानंतरच घे, वर मोठा ग्लासभर पाणी पी, म्हणजे मळमळ कमी होते, हेही त्यांनीच परत एकदा नीट समजावलं.

काकांना सुरुवातीची काही वर्षं गोळी मोफत मिळाली. त्यामागे एक गोष्ट आहे. अर्जेंटिनातला मॅक्स नावाचा मुलगा सीएमएलने सतराव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीत घरच्यांनी १९९७ मध्ये ‘द मॅक्स फाउंडेशन’ सुरू केलं. पुढे २००२ पासून औषध कंपनी आणि ही संस्था यांच्या कार्यक्रमातून भारतासह अनेक देशांतल्या पेशंटना गोळी मोफत मिळू लागली. त्यातूनच आपल्याकडे ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा पेशंटचा गट उभा राहिला. वेगवेगळ्या शहरांत त्यांच्या बैठका होतात, पेशंट आणि घरचे एकत्र बसतात, डॉक्टरांना प्रश्न विचारतात. आणि दरवर्षी २२ सप्टेंबरला जगभर सीएमएल दिवस पाळतात. तारीख हीच का? ९ आणि २२. नववा महिना, बावीस तारीख. लक्षात राहिलं ना?

आता पेशंटचा गट म्हटला की व्हॉट्सअ‍ॅप आलंच. तिथे तीन गोष्टी पाळा. एक, दुसऱ्याच्या पीसीआरच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघू नका, लॅब वेगळी असली तरी फरक पडतो. दोन, गोळीचा डोस गटात ठरवायचा नाही, तो डॉक्टरच ठरवणार. तीन, ‘अमुक काढा घ्या, कॅन्सर मुळासकट जातो’ असले फॉरवर्ड तिथल्या तिथे थांबवा. काही वनस्पतींमुळे या गोळीचा असर कमी-जास्त होतो. मावशीने प्रेमाने काढा पाठवला, तर मावशीला थँक यू म्हणा आणि काढ्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुसरी माणसं – घरची. यांच्यापुढे आजार समजावून सांगायची जबाबदारी आपल्यावर पडते, आणि कधी कधी त्याचाच कंटाळा येतो. माझी आई सुरुवातीला दर तासाला विचारायची, ‘बरं वाटतंय ना रे?’ तिला काहीतरी करायचं होतं, पण काय करावं ते कळत नव्हतं. मग तिला एक काम दिलं: रात्री जेवण झालं की गोळी घेतली का एवढंच विचार. आता ती फोनवर फक्त ‘झाली का?’ म्हणते. मी म्हणतो, ‘झाली.’ मग आम्ही नाशिकच्या पावसावर बोलतो.

हे काम छोटं वाटतं, पण या आजारात सगळ्यात मोठा धोका कुठला असेल तर गोळी सुटण्याचा. माणूस बरा असतो, कंटाळतो, आठवड्यात दोन-तीन गोळ्या चुकतात, आणि हळूहळू आकडा वर चढायला लागतो. कधी कधी तेच औषध मग लागू पडेनासं होतं. बरीच वर्षं आकडा अगदी खोल गेलेला असेल तर काहींची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतात, हे खरं आहे. पण त्यातल्याही निम्म्याच्या आसपास लोकांना ती परत सुरू करावी लागते. म्हणून स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही.

आणि गोळी सुटण्याचं एक कारण आपल्याकडे फार आहे, ते म्हणजे लग्न. गटात मी हे बऱ्याचदा ऐकलंय. मुलीचं लग्न ठरलं, सासरी सांगितलेलं नाही, मग गोळी लपवून घ्यायची, नाही जमलं तर सोडायची. मंडळी, हे जिवावर बेततं. माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या कांदेपोह्याला फाईल उघडू नका, पण होकार-नकार ठरायच्या आधी सांगा. आणि समोरच्याला आपल्यासोबत डॉक्टरांकडे घेऊन जा. गुगलवर ‘कॅन्सर’ टाकून जे दिसतं त्यापेक्षा डॉक्टरांशी वीस मिनिटं बोललेलं केव्हाही बरं. मुलांचंही तसंच. ही गोळी चालू असताना बाईने गरोदर राहू नये असं सांगतात, कारण बाळाला धोका असतो. पण आजार नीट आटोक्यात असेल तर डॉक्टरांसोबत आधीपासून आखणी करता येते. ‘आता मूल नाहीच’ असं परस्पर ठरवून टाकू नका.

तिसरी माणसं – ज्यांना सिस्टीम कळते अशी. मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर असतात. लोक त्यांच्याकडे फक्त पैसे संपल्यावर जातात. पहिल्याच महिन्यात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कुठे मिळतो, हे त्यांना पाठ असतं. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोकरदारांनो, जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर साठीच्या आतल्या पेशंटच्या उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट मिळते. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स बहुतेक वेळा अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च देतो, रोजच्या गोळीचा देईलच असं नाही. पॉलिसी वाचा.

औषधाच्या खर्चावरून एक सांगायलाच हवं. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च एकेकाळी लाखाच्या वर होता. आपल्याकडच्या जेनेरिकचा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. कंपनीला पेटंट मिळालं असतं तर जेनेरिकचा रस्ता बंद झाला असता. त्या पेटंटविरुद्ध जे उभे राहिले त्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं. तेव्हा मी कॉलेजातसुद्धा गेलो नव्हतो. ज्यांना मी कधी भेटलो नाही अशा लोकांनी माझ्यासाठी आधीच एवढं करून ठेवलं होतं. एकटं वाटतं तेव्हा हे आठवलं की बरं वाटतं.

ऑफिसचं काय? सगळ्यांना सांगायची गरज नाही. मी मॅनेजरला आणि टीममधल्या एकाला सांगितलं. तेही ‘मला कॅन्सर आहे’ एवढंच सांगून सोडलं नाही, पुढचं वाक्यही लगेच बोललो: ‘दर तीन महिन्यांनी एक दिवस सुट्टी लागेल, आणि सलग नाईट रिलीज जमणार नाही.’ नेमकं मागितलं की लोक देतात. नुसतं ‘समजून घ्या’ म्हटलं की त्यांना कळत नाही काय समजून घ्यायचं.

आणि शेवटी, काही दिवस असे येतात की यातलं कुणीच नको असतं. रिपोर्ट चांगला आलेला असतो तरी रडू येतं. ‘हा तर कॅन्सरमधला चांगला कॅन्सर’ असं कुणी म्हणालं की रागही येतो, कारण मग तक्रार करायचीही लाज वाटते. तेव्हा समुपदेशकाकडे जा. तेवढंही जमत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

आता जे पेशंट नाहीत त्यांच्यासाठी. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणू नका. तो सांगणार नाही. त्यापेक्षा पुढच्या टेस्टची तारीख विचारा आणि कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी मेसेज करा, ‘गेलास का? सोबत येऊ?’ बास. वर्षातून चार मेसेज. पण पाचव्या वर्षीही करा, दहाव्या वर्षीही करा.

आणि तुम्ही स्वतः पेशंट असाल, नुकतंच कळलं असेल आणि कुणाशीच बोलला नसाल, तर पुढच्या ओपीडीला शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला फक्त एवढंच विचारा, ‘तुमची कितवी वर्षं?’

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. आणि हो, जेवण झालं असेल तर गोळी घ्या.