अध्यक्षीय भाषण : लाभार्थ्याची ओळख आणि मधला माणूस

सरकारी योजनेचा पैसा आधी एका आधार क्रमांकाला ओळखतो, त्या क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात पडतो आणि तिथून अंगठ्याच्या ठशावर बाहेर निघतो. क्रमांक, खाते आणि अंगठा. या तिन्ही ठिकाणी खऱ्या लाभार्थ्याच्या जागी दुसरे कोणी उभे राहू शकते. लाभार्थ्याच्या ओळखीची चोरी ती हीच. खेड्यात हा चोर बहुधा परमुलखातला संगणकतज्ज्ञ नसतो. तो ओळखीचा असतो, मदतीला आलेला असतो आणि पुष्कळदा कागद त्याच्या हाती लाभार्थ्यानेच दिलेले असतात.

केशोरी हे गडचिरोलीच्या सीमेकडचे, अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, धानाचे आणि मिरचीचे गाव. इथल्या एकेका घरात चार-पाच योजना नांदतात. म्हाताऱ्यांना श्रावणबाळ किंवा निराधारचे महिना 1,500 रुपये, शेतकऱ्याला पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो सन्मान निधीचे आणखी 6,000, घरच्या बाईला लाडकी बहीणचे महिना 1,500. शिवाय रोजगार हमीची मजुरी, पोरांची शिष्यवृत्ती, रेशन. बहुतेक अर्जांना तेच तेच कागद लागतात : आधारची झेरॉक्स, पासबुकचे पहिले पान, सातबारा, दोन फोटो. एकच माणूस वर्षभरात हा संच अनेक हातांत देतो आणि तो परत मागायची पद्धत नाही. काळी उमटलेली झेरॉक्स टोपलीत जाते, टोपलीतून पुडी बांधायला. मोबाइलवर काढलेला आधारचा फोटो तर अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाच्या फोनमध्ये कायमचा राहतो.

धानाच्या पट्ट्यात या चोरीचे एक जुने रूप आहे, आणि त्याला चोरी म्हणायला कोणी धजत नाही. व्यापारी शेतकऱ्याकडून कमी भावात धान घेतो आणि तेच धान दुसऱ्याच कोणाच्या सातबाऱ्यावर सरकारच्या आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर विकतो. सातबारा देणारा ही शेजारधर्माची गोष्ट समजतो. फार तर चार पैसे सुटतात. पण खरेदीची मर्यादा त्याच्या नावावर भरते, बोनसचा हिशेब त्याच्या नावावर लागतो आणि चौकशी आली तर जबाबही त्यालाच द्यावा लागतो. हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असा बोनस जाहीर झाल्यावर सातबाऱ्याला आलेला भाव सर्वांना ठाऊक आहे. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याने बनावट नावे कमी होतील; राजीखुशीने दिलेले नाव मात्र त्यालाही ओळखू येणार नाही.

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात वाटले गेले. 2016 च्या आधार कायद्याने हा क्रमांक जाहीर करण्यावर बंधन घातले. तरी 2017 मध्ये केंद्र आणि राज्यांच्या सुमारे 210 संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघडे असल्याचे सरकारलाच सांगावे लागले. लाभार्थ्याने कागद जपावेत हे खरे, पण कार्यालयांनीही ते जपले नाहीत, हेही तितकेच खरे.

नुसत्या क्रमांकावर काय करता येते ते 2024 मध्ये दिसले. लाडकी बहीण योजनेत खारघरच्या एका महिलेचा अर्ज स्वीकारला जाईना, कारण तिचा आधार क्रमांक आधीच कोणी वापरला होता. शोध सातारा जिल्ह्यात पोहोचला. तिथे दुसऱ्यांच्या आधार क्रमांकांवर सुमारे 30 अर्ज भरल्याचे निघाले. चोरी उघड झाली ती खऱ्या बाईने अर्ज केला म्हणून. जिने अर्जच केला नसता, तिला आपल्या नावावर पैसा उचलला गेल्याचे कधी कळले असते?

खात्याची गोष्ट याहून आडवळणाची आहे. आधारवर येणारा लाभ शेवटी ज्या खात्याला आधार जोडला गेला, त्या खात्यात जातो. जुने पासबुक कितीही जपले तरी. 2017 मध्ये मोबाइल सिमची पडताळणी करताना एअरटेल पेमेंट्स बँकेत ग्राहकांची खाती उघडली गेली आणि लाखो लोकांचे गॅस अनुदान त्यांच्या नकळत तिकडे वळले. डिसेंबरात आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसीची परवानगी थांबवली. झारखंडमध्ये 2020 साली उघड झालेल्या शिष्यवृत्ती घोटाळ्यातही मुलांचे आधार आणि अंगठे घेऊनच खाती चालवली गेली होती. म्हणून ‘पैसे पडले नाहीत’ अशी तक्रार आली की आधी योजनेला दोष न देता आधार कोणत्या बँकेला जोडला आहे ते पाहावे. मायआधार संकेतस्थळावर ते दिसते.

सर्वांत नाजूक जागा अंगठ्याची. गावात बँकेचे काम करणाऱ्या बँक मित्राकडे पैसे काढायला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा पुरतो. रोवणी आणि मिरचीची तोड करून झिजलेली बोटे यंत्रावर पहिल्या खेपेला उमटत नाहीत, हे सर्वांच्या सवयीचे झाले आहे. ‘उठला नाही, परत लावा’ या वाक्यात कोणालाही काही गैर वाटत नाही, आणि नेमक्या त्याच वाक्याच्या आडून एकदा मागितलेली रक्कम दोनदा काढली जाते. पावती न मागणाऱ्या म्हातारीला दुसरी उचल कळतच नाही. जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून नकली अंगठे बनवल्याचे प्रकार तेलंगण आणि कर्नाटकात घडले आहेत. ते मोठे गुन्हे. गावपातळीवरची चोरी इतकी कारागिरी करत बसत नाही.

उपाय म्हणून आधारचे बायोमेट्रिक कुलूप सुचवले जाते. शहरात ते उत्तम. केशोरीत मात्र ज्या अंगठ्याने चोरी होते, त्याच अंगठ्याने रेशनही मिळते. कुलूप लावले की दर महिन्याला ते उघडावे लागते आणि त्यासाठी आधारला जोडलेला चालू मोबाइल हवा. म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा सल्ला निम्मा निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी साध्या गोष्टीच कामाच्या : आधारला घरातल्याच माणसाचा मोबाइल जोडणे, प्रत्येक अंगठ्याला पावती घेणे, पासबुक दर महिन्याला भरून आणणे. शेवटचे चार अंक तेवढे दिसणारे आधार जिथे चालते तिथे तेच द्यावे, आणि झेरॉक्सवर काम व तारीख लिहून आडवी सही करावी. व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नये. सरकार योजना अशी वाटत नाही.

पैसा गेलाच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याने केलेली चोरी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवली, तर तोटा खातेदाराच्या माथी येत नाही. उशिराने हा हक्क आकसतो. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात हे कलम नाव घेऊन सांगावे.

यात खरी जबाबदारी मधल्या माणसाची आहे. म्हातारीला सावध राहायला सांगणे सोपे असते, म्हणून तेच सांगितले जाते. अंगठा घेणाऱ्या केंद्रचालकांची नीट पारख आणि देखरेख व्हावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये दिले, ते 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. तेवढ्यावर न थांबता केशोरी परिसरातल्या केंद्रचालकांनी आणि रोजगार सेवकांनी एवढे ठरवावे : काम झाल्यावर कागद परत करायचे, फोनमधला फोटो मालकासमोर पुसायचा, अंगठा दुसऱ्यांदा घेण्याआधी पहिल्या खेपेची पावती दाखवायची. आणि ग्रामसभेने हे तिन्ही नियम प्रत्येक केंद्राच्या दारावर मराठीत लावून घ्यावेत.