आमच्या झोळीतलं हसू
(लोणी काळभोर इथल्या तरुणांसमोर केलेलं भाषण)



या लोणीत राज कपूरचा राजबाग होता. पडदा आपल्या शिवेपर्यंत आला, आपल्या घरात मात्र शिरला नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. पुढं तिथं 'चिमणराव' गाजला. घर पांढरपेशा, फजितीही पांढरपेशा. आपले बापही हसले. पण मी विचारतो, त्या हसण्यात आपली आई कुठं होती?

अमेरिकेत २०१० ते २०१४ 'रेझिंग होप' ही विनोदी मालिका चालली. आई लोकांची घरं झाडते, बाप लोकांचं गवत कापतो, म्हातारी भ्रमिष्ट. विशीतल्या पोराच्या गळ्यात तान्ही पोरगी. तिच्या आईला देहदंडाची शिक्षा. सगळं फाटकं. पण कामवाली केर काढून पडद्याबाहेर जात नाही. गोष्टच तिची आहे.

इथं सोलापूर रस्त्याला ऊस. बाई फडात, पोर झोळीत. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघर होतं, ते कारखान्यातल्या बायांना. कारखान्याला ऊस तोडून देणारीला नाही.

हे घर पडद्यावर येतं ते रडायला. दया नको! शिव्या घालत पोराला खेळवणारी आपली म्हातारी नायिका झाली पाहिजे. ती दुसरा कोण लिहिणार? आपणच लिहू.