गुंगीतल्या रुग्णाचा श्वास



वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरील छत्रपती संभाजीनगरात स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

१९५६ साली या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणीकडून अपघाताचा रुग्ण घेऊन निघालेली गाडी रात्री-अपरात्री घाटी गाठते. अशा शहरात या परिषदेने आपत्कालीन विभागातील गुंगी आणि श्वासावरील देखरेख हा विषय घ्यावा, याचे मला समाधान वाटते.

निखळलेल्या खांद्याचेच पाहा. मिडाझोलम आणि फेंटानिल दिले, नाकाला ऑक्सिजन लावला. खांदा बसेपर्यंत वेदना रुग्णाला जागे ठेवते. हाड जागेवर बसले की वेदना ओसरते, औषधाचा अंमल मात्र उरतो. श्वास मंदावण्याची भीती तेव्हाच अधिक, आणि नेमके तेव्हाच सगळे एक्स-रेच्या तयारीला लागतात. ऑक्सिजन चालू असल्याने श्वास थांबला तरी पल्स ऑक्सिमीटरचा आकडा काही काळ ९८-९९ वरच राहतो. कॅप्नोग्राफ प्रत्येक उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजतो. एरवी त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. श्वास थांबला की पडद्यावरची रेघ लगेच सपाट होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रोपोफॉल दिलेल्या रुग्णांपैकी, डॉक्टरांना कॅप्नोग्राफ दिसत होता त्या गटात २५ टक्के जणांचा ऑक्सिजन घसरला; दिसत नव्हता त्या गटात ४२ टक्क्यांचा.

कॅप्नोग्राफ तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात पोहोचलाच पाहिजे, ही मागणी या व्यासपीठावरून ठामपणे जावी. पण त्यासाठी थांबून चालणार नाही. गुंगी देताना एक जण केवळ रुग्णाच्या श्वासासाठी नेमा. त्याच्याकडे दुसरे काम नको. रुग्ण हाकेला नीट ओ देईपर्यंत त्याने खाटेजवळून हलू नये. अंबू बॅग, सक्शन, नॅलॉक्सोन आणि फ्लुमाझेनिल आधीच हाताशी असू द्या.

मित्रहो, परिषदेच्या व्यवस्थेत काही उणे राहिले तर हक्काने सांगा. येथे मोकळेपणाने चर्चा करा आणि परत गेल्यावर पहिल्याच पाळीत आपल्या विभागात श्वासासाठी एक जण नेमण्याचा हा नियम लागू करा, एवढीच स्वागताध्यक्ष म्हणून माझी कळकळीची विनंती आहे.