न्यूक्लिक आम्लांची हालचाल



वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची दुपेडी रचना मांडली. तेव्हापासून हा रेणू पाठ्यपुस्तकांत पिळलेल्या शिडीसारखा निश्चल उभा आहे. शिडीची उपमा सोयीची खरी, पण तिने एक गैरसमज रुजविला. पेशीतील डीएनए क्षणभरही स्तब्ध नसतो. तसा असता तर त्यातील मजकूर वाचण्यास वावच राहिला नसता.

स्फटिकात बद्ध झालेल्या रेणूचे चित्र क्ष-किरण देतात. पाण्यात विहरणाऱ्या रेणूची चळवळ टिपावयाची, तर ब्लॉख व पर्सेल यांनी १९४६ साली दाखविलेले अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, हाताशी घ्यावे लागते. रुग्णालयातील एमआरआय हे त्याचेच भावंड. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. प्रत्येकाचा सूर भोवतालच्या अणूंप्रमाणे किंचित बदलतो, आणि रेणू हलला की सूरही हलतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात गिरजेश गोविल, रामकृष्ण होसूर व त्यांचे सहकारी यांनी डीएनएच्या लहान तुकड्यांवर असे काम केले. त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता साखर! चलथाणकरांस साखरेची ओळख करून द्यावयास नको. परंतु डीएनएच्या शिडीच्या दांड्यांत असते ती उसाची नव्हे, डिऑक्सिरायबोज. चार कार्बन व एक ऑक्सिजन यांचे हे कडे सपाट नसते. कधी त्याचा एक कोपरा उचललेला असतो, कधी दुसरा. ही उलथापालथ इतकी शीघ्र असते की यंत्रास दोन्ही ठेवणींची सरासरीच ऐकू येते, आणि कोणती ठेवण किती काळ टिकली हे हिशेबाने काढावे लागते.

शिडीच्या पायऱ्याही उघडतात. पायरीच्या मध्यभागी दडलेला हायड्रोजन पायरी उघडल्यावाचून पाण्यातील हायड्रोजनाशी बदलत नाही. या अदलाबदलीवरून फ्रान्समध्ये गेराँ व लेरुआ यांनी पायऱ्यांचे आयुष्य मोजले. अडेनिन-थायमिनची जोडी काही मिलिसेकंदांत उघडते. ग्वानिन-सायटोसिनची अधिक तग धरते.

पुढे २०११ साली अमेरिकेत हाशिम अल-हाशिमी यांच्या गटास आणखी एक गोष्ट आढळली. काही ठिकाणी जोडीतील एक घटक अर्धे वळण घेऊन निराळ्या बाजूने हात धरतो. तोही सुमारे एक टक्का वेळ किंवा त्याहून कमी. हूगस्टीन यांनी १९५९ साली सुट्या घटकांच्या स्फटिकात पाहिलेली ठेवण ती हीच. एकिनोमायसिन हे प्रतिजैविक डीएनएला बिलगते तेव्हा काही ठिकाणी शेजारच्या जोड्या याच वळलेल्या ठेवणीत स्थिरावतात.